डावीकडे कललेली खाच

दातांचा मालक दात घडवणाऱ्याकडे कधी येत नाही. तो डॉक्टरकडे जातो, डॉक्टर त्याच्या तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवतात, आणि नेरेइदाच्या स्क्रीनवर उमटतात ते नुसते घासलेले खुंट. त्यांना ना नाव ना गाव. त्यांच्यावर संगणकात कॅप घडवायची, मशीनकडून पांढऱ्या ठोकळ्यातून कोरून घ्यायची, भट्टीत भाजायची आणि डबीत घालून वर पाठवायची. वर डॉक्टरांचा दवाखाना, खाली मालकीणबाई डोन्या ओब्दुलियाची लॅब, आणि नेरेइदा तिथंच कामाला. मधल्या जिन्यावरून डब्या वर जायच्या आणि तक्रारी खाली यायच्या. पेशंट मात्र आजवर कधी उतरला नव्हता.

म्हणून त्या सकाळी काखेत काळी पेटी मारून एक म्हातारा खाली आला, तेव्हा डोन्या ओब्दुलियाला वाटलं, पंप दुरुस्त करणारा आला.

“मोटर मागच्या अंगणात आहे,” ती मान वर न करता म्हणाली. “आणि मागच्यासारखा चिखल करून जाऊ नका.”

“मोटरसाठी नाही, दातांसाठी आलोय,” म्हातारा म्हणाला, आणि खात्री पटावी म्हणून त्यानं वरचा ओठ उचलून दाखवला.

नेरेइदानं माणूस नाही ओळखला, दात ओळखले. पटाशीचे वरचे दोन्ही, तिचेच. त्या जोडीवर तिनं जीव लावून काम केलं होतं. कडा किंचित पारदर्शक, दर्शनी भागावर केसाएवढ्या उभ्या रेषा, दोन्ही दात एकमेकांचे आरशातले भाऊ. स्वतःचं काम कुणाच्या तोंडात बसलेलं ती पहिल्यांदाच बघत होती, आणि तिला उगाच भरून आलं.

“काय छान बसलेत हो!”

“छानच आहेत. शेजारीण म्हणाली, फिलेमोन, नवरदेव दिसतोयस,” म्हातारा म्हणाला. “पण वाजवता येत नाही ना, पोरी.”

हे फिलेमोन येस्कास. वर डोंगरातल्या यालाशी गावच्या बँडचे पहिले क्लॅरिनेटवाले, त्यामुळे गावातली कुत्रीसुद्धा त्यांना माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणून ओळखत. जत्रेच्या मिरवणुकीत वाजवत चालले असताना पुढच्या कागदी राक्षसिणीनं गिरकी घेतली. आत नाचणाऱ्याला मेस्कालची दारू जरा जास्त झाली होती. राक्षसिणीचा लगद्याचा हात गरकन फिरला, क्लॅरिनेटवर बसला, आणि क्लॅरिनेट दातांवर.

“वाद्याला काही झालं नाही ना?” डोन्या ओब्दुलियानं विचारलं. तिची ही सहानुभूती बघून नेरेइदा चाटच पडली.

“देवाची कृपा. फक्त दात गेले.”

माएस्त्रोंनी पेटी उघडली, तुकडे जोडले, पत्ती ओली केली आणि फुंकलं. शेळीची शेपटी दारात चेंगरावी तसा आवाज निघाला. रस्त्यावर कुणीतरी ओरडलं, “अहो, मारून टाका एकदाचं तिला!”

“पुरे!” डोन्या ओब्दुलिया म्हणाली. “वरच्या खुर्चीतला माणूस पळून जाईल.”

माएस्त्रो हसले नाहीत. “महिनाअखेरच्या रविवारी माझ्या कोम्पाद्रेचं वर्षाचं आहे. एर्मिलोचं. माझ्या मुलीचा धर्मपिता तो, आणि त्याच्या मुलीचा मी. कबरीपाशी आमचा वॉल्ट्झ वाजायचाय. पहिली क्लॅरिनेट माझी, दुसरी त्याची. त्याची तर आता वाजणार नाही. माझीही नाही वाजली, तर मग तिथं जाऊन मी काय मेणबत्त्या मोजू?”

“पण होतंय काय नेमकं?” नेरेइदानं खुर्ची पुढे ओढली.

“फुंक तीच, बोटं तीच, ओठ तोच. पण वरच्या दातांना चोचीवर जागा सापडत नाही. पाहुण्याच्या खाटेवर झोपल्यासारखं होतं. रात्रभर कूस बदलायची.”

क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात माउथपीसच्या, म्हणजे त्या चोचीच्या, पाठीवर टेकतात, हे नेरेइदाला तेव्हा कळलं. तिच्या डोक्यात किडा वळवळायला एवढं पुष्कळ होतं. तिनं विचारलं, “तुमचे जुने दात कसे होते?”

“दातांसारखे.”

“टोकाला खाच वगैरे?”

माएस्त्रोंची जीभ गालाआड फिरली, नव्या दातांच्या कडेवर गेली, तिथं काहीच सापडलं नाही म्हणून परत आली. “होता की खोलगा. जिभेला लागायचा. मला वाटायचं, सगळ्यांनाच असतो.”

उभा जन्म एकाच जागी चोच टेकून टेकून दातांच्या कडा झिजल्या होत्या आणि त्यांची चोचीपुरती खोबण झाली होती. सॉफ्टवेअरच्या साठ्यात अशी खोबण कुठून असणार? तिथले दात कुणीच कधी वापरलेले नसतात. तुटलेले तुकडे मिळतील का, असं नेरेइदानं विचारलं. ते रस्त्यात, फटाक्यांच्या कागदात मिसळून झाडले गेले होते.

“लोक खाचा बुजवायला येतात,” डोन्या ओब्दुलिया म्हणाली, “हा बाबा मागायला आलाय.” पण नाही म्हणाली नाही.

नेरेइदाला पहिल्यांदा ते काम अगदीच चिल्लर वाटलं. तिनं दात समोरून स्क्रीनवर घेतले, माउथपीसची रुंदी मोजली, दातांपुढे हवेत एक कमान काढली आणि ती सरळ मागे ढकलून दातांच्या आरपार नेली. बटण दाबलं, खाच पडली. समोरून बघायला सुरेख. तिनं तात्पुरत्या प्लॅस्टिकमध्ये जोडी छापली, वर पाठवली, डॉक्टरांनी बसवली, माएस्त्रो खाली आले आणि फुंकलं. या वेळी शेळी नव्हती, पण तिचं करडू होतं.

“डुगडुगतंय,” ते म्हणाले. “आणि कड लागतेय.”

नेरेइदा चिडली. आधी माएस्त्रोंवर, मग संगणकावर, आणि मग नाइलाजानं स्वतःवर. तिनं दात स्क्रीनवर उलटेपालटे करून बघितले. समोरून जी कमान शहाण्यासारखी दिसत होती, ती बाजूनं बघितल्यावर वेडीवाकडी झालेली. सपाट कागदावरचं चित्र फुगलेल्या पपईवर दाबलं तर मधे ठीक दिसतं आणि कडेला ताणून फिस्कटतं, तसंच. शिवाय चोच काही समोरून आडवी येत नाही, ती खालून तिरकी वर चढते. नेरेइदाची खाच सरळ गेलेली, म्हणून चोच खाचेत बसतच नव्हती, नुसती पुढच्या धारेवर टेकून डुलत होती.

गोलाईवर काही खोल करायचं, तर खोली कुठून मोजायची? आपल्या डोळ्यापासून, की त्या गोलाईपासून? इतकी वर्षं हे काम करून तिनं हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता, कारण दाढांच्या खाचा साठ्यातून तयार मिळत. जेवायच्या वेळी ती पपई समोर घेऊन बसली आणि सुरीच्या टोकानं सालीवर कमानी कोरत राहिली.

“खायची आहे की तिला कॅप बसवायचीय?” डोन्या ओब्दुलियानं विचारलं.

“डोन्या, खड्डा ज्याला पडतो त्याच्या अंगानं पडतो. माझ्या बाजूनं नाही.”

“बरं. त्याच्या अंगानं ताट धुऊन ठेव.”

दुसऱ्या दिवशी तिनं माएस्त्रोंकडून माउथपीस मागून घेतला. नुसतं माप हवं म्हणून. काळ्या कडक रबराची ती चोच हातात फिरवताना तिचं बोट पाठीवर अडलं. तिथं दोन खळगे होते. बारीक, गुळगुळीत, शेजारी शेजारी. चोचीनं दात झिजवले होते, तशी दातांनी चोचही झिजवली होती. तुटलेले दात रस्त्यात गेले, पण त्यांचा ठसा या पेटीत सुखरूप होता आणि माएस्त्रो तो रोज काखेत मारून हिंडत होते.

“हे कधीपासून आहेत?” तिचा आवाज चढला होता.

“कधीपासून म्हणजे? असेच असतात ना?”

“नाही हो माएस्त्रो! नवीन मिळतात तेव्हा सपाट असतात!”

“नवीन कुणी घेतलाय?” माएस्त्रो म्हणाले.

काळी चकचकीत वस्तू स्कॅनरला दिसत नाही. त्यावर पांढरी भुकटी फवारावी लागते. नेरेइदानं फवारा उचलल्याबरोबर माएस्त्रो खुर्चीतून उठले. “अगं अगं! एर्मिलोनं दिलेली चोच आहे ती, पीठ लावून तळणार आहेस की काय?” भुकटी पुसली जाते हे दाखवण्यासाठी तिला आधी स्वतःच्या अंगठ्यावर फवारा मारावा लागला, मग ओब्दुलियाच्या चष्म्यावर. त्यावर ओब्दुलिया जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही.

मग नेरेइदानं चोच स्क्रीनवर आणली, खऱ्यासारखी तिरकी चढवली, दातांमध्ये घुसवली आणि दातांतून चोच वजा केली. जिथं चोच होती तिथलं दाताचं अंग गेलं. उरली ती खोबण, तळाशी जराशी उचललेली, कारण तो उंचवटा चोचीच्या खळग्यात जाऊन बसणार होता. आता खोली दाताच्या गोलाईला धरून उतरत होती. कडा तिनं इतक्या हलक्या गोल केल्या की जिभेला कळू नये. मागे ठोकळ्याची जाडी पुरेशी राहते का, ते तपासलं. फक्त एक गोष्ट तिला खटकत होती. दोन्ही खळगे सारखे नव्हते. डावा जास्त खोल, आणि चोचीच्या टोकापासून थोडा लांब. जोडी एका बाजूला कललेली.

इथं नेरेइदानं तेच केलं, जे तिच्या धंद्यातलं कुणीही डोळे मिटून करेल. या धंद्यात अर्धं काम हातानं करायचं आणि अर्धं आरशातून घ्यायचं. डावी बाजू सुंदर झाली की मधे आरसा धरायचा आणि उजवी मिळवायची. तिनं चोच मधोमध सरळ केली, दोन खळग्यांची सरासरी काढली, एक बाजू घडवली आणि आरसा धरला. वाकडं ते सरळ झालं. ओब्दुलियानं मागून बघून मान डोलावली.

ती जोडी घालून माएस्त्रोंनी फुंकलं, तेव्हा पहिल्यांदा लॅबमध्ये सूर आला. लाकडाचा, ऊबदार, भरलेला. ओब्दुलियानं हातातली वाटी खाली ठेवली. वॉल्ट्झ सुरू झाला, चार पावलं चालला, लंगडायला लागला. माएस्त्रोंची मान हळूहळू वळत होती, ते ती ओढून परत आणत होते. एका जागी येऊन ते थांबलेच.

“चांगलं आहे,” ते म्हणाले.

लॅबमध्ये ‘चांगलं आहे’ या शब्दांइतकं वाईट काही नसतं. “मग थांबलात का?”

“दमलो. सूर घरात आला पोरी, पण अंगणातच उभा राहिलाय.” त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी लाज होती की नेरेइदाला बघवेना. एवढ्या पोरीला किती त्रास द्यायचा, अशी लाज. “राहू दे. मी बँडमध्ये झांजा धरीन. झांजांना दात लागत नाहीत.”

ते गेल्यावर नेरेइदानं चोचीचं मूळ स्कॅन परत उघडलं. कललेले दोन खळगे तिच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत एकदाही सरळ झाले नव्हते ते. रोज, न चुकता, त्याच बाजूला वाकडे. चूक असती तर अधूनमधून तरी बदलली असती. ही सवय होती, आणि आपण ती आरशात घालून पुसून टाकली. पण हा माणूस एका बाजूला तोंड करून का वाजवतो? मान दुखते? ऊन लागतं? बँडमास्तर डावीकडे उभा असतो?

तिनं आरसा काढून टाकला. चोच जशी होती तशी कलती ठेवली आणि पुन्हा वजाबाकी केली. डाव्या दाताच्या खाचेतला उंचवटा मोठा आणि आतपर्यंत, उजव्याचा बारीक. सॉफ्टवेअरनं लाल खूण दाखवली, दोन्ही बाजू जुळत नाहीत, दुरुस्त करू का? तिनं ‘नाही’ दाबलं. त्यानं परत विचारलं. तिनं परत ‘नाही’ दाबलं आणि वर तोंडानंही म्हणाली.

“असले वाकडे दात माझ्या लॅबमधून बाहेर जाणार नाहीत,” ओब्दुलिया म्हणाली. “उद्या डॉक्टर विचारतील, मुलगी प्यायली होती का?”

“सांगा, हो.”

“नाव माझं जातं, नेरेइदा.”

“डोन्या, एकदा ऐका फक्त. नाही जमलं तर मी स्वतः त्यांना झांजा नेऊन देते.”

तिसऱ्या खेपेला माएस्त्रो येताना डोंगरातल्या कॉफीची पिशवी घेऊन आले, म्हणजे निरोप घ्यायच्या तयारीनंच. वर जाऊन जोडी बसवून खाली आले. चोच तोंडात धरली आणि थबकले. खालच्या ओठावर ती एकदाच जराशी सरकली आणि बसली. नेरेइदाला ते दिसलं. क्लॅरिनेट आपोआप डावीकडे कलली, खांदे खाली आले, डोळे मिटले.

मग जे वाजलं त्यात लंगडणं नव्हतं. वॉल्ट्झ जिना चढून वर गेला असणार, कारण वरचं ड्रिल थांबलं. ओब्दुलिया भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिचं एक पाऊल चपलेच्या आत ताल धरायला लागलं. नेरेइदा मात्र ऐकत नव्हती, बघत होती. मान, ओठ, दात, चोच, सगळं एका रेषेत, आणि ती रेष डावीकडे. अमुक एका जागी आल्यावर माएस्त्रो थांबले. मागच्या वेळी थांबले होते, अगदी तिथंच.

नेरेइदा पुढे झाली. “काय खुपतंय तिथं? कड? डावी का उजवी?”

“काही नाही खुपत.”

“मग दोन्ही वेळा तिथंच का थांबलात?”

माएस्त्रोंनी क्लॅरिनेट मांडीवर घेतली. स्वतःच्या थांबण्याचं त्यांनाच नवल वाटलेलं दिसत होतं. “तिथं पान संपतं,” ते म्हणाले.

समोर कागद नव्हता. ते पाठ वाजवत होते.

“बँडमध्ये दोघांत एक स्टँड असतो. मी आणि एर्मिलो, आमचा एक. माझे डोळे बरे, त्याचे अधू, म्हणून कागद त्याच्या बाजूला, डावीकडे. मी वाकून वाचायचो. आणि पान तो उलटायचा, कारण त्या जागी मला सूर लांबवायचा असतो आणि त्याला श्वास घ्यायला जागा असते.” त्यांनी जिभेनं डावी खाच चाचपली. “वर्षभर रोज सांगतोय स्वतःला, फिलेमोन, तो गेला. डोक्याला पटलं. दातांना कुणी सांगितलंच नाही.”

ओब्दुलिया वळून भट्टीचं तापमान बघायला लागली. भट्टी बंद होती.

नेरेइदानं स्क्रीनवरची कललेली खाच मोठी करून बघितली. मग म्हणाली, “माएस्त्रो, अजून कच्चेच आहेत हे. पक्के करायच्या आधी थोडी थोडी सरळ करत नेता येईल खाच. हळूहळू मान समोर येईल. तिकडे वाकून बघायला आता...”

“आता कुणी नाही, हेच ना?” माएस्त्रो म्हणाले. “नको. असेच पक्के कर. रविवारी कागद मधोमध ठेवला, तर तो काय वाचेल?”

त्या रविवारी यालाशीच्या दफनभूमीत धुकं होतं. झेंडूच्या माळा, कोपालच्या धुपाचा धूर, मोठ्या पातेल्यात चॉकलेट, आणि कबरीभोवती अर्धगोलात मांडलेल्या बँडच्या खुर्च्या. माएस्त्रोंच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. त्या गावात गेलेल्या वादकाची खुर्ची वर्षभर कुणी भरत नाही. दोन खुर्च्यांमध्ये एक स्टँड होता, रिकाम्या खुर्चीकडे जरा जास्तच सरकवलेला. नेरेइदा आणि ओब्दुलिया तिथंच मागे, पावाच्या टोपलीशेजारी उभ्या होत्या. ओब्दुलिया कुणाकुणाला हळूच सांगत होती, “ते वरचे दोन ना, आमच्याकडचे.”

वॉल्ट्झ सुरू झाला. क्लॅरिनेट डावीकडे कलली. एर्मिलोची मुलगी शालीत तोंड घालून रडायला लागली. दुसऱ्या क्लॅरिनेटच्या जागी मोकळी हवा होती, आणि बँड ती जागा न भरता तिच्या कडेकडेनं वाजवत होता.

नेरेइदाला स्वरलिपीतलं अक्षर कळत नाही. पण ती जागा तिनं दोनदा ऐकली होती, आणि दोन्ही वेळा तिला वाटलं होतं की दोष आपल्या खाचेचा आहे. ती जागा जवळ येताना तिला कळली. माएस्त्रो सूर लांबवत होते, लांबवतच होते, डोळे कागदाच्या शेवटच्या ओळीवर. हात दोन्ही अडकलेले. स्टँडपाशी कुणी नव्हतं.

तिनं हातातला पाव ओब्दुलियाच्या हातात कोंबला, रिकाम्या खुर्चीच्या मागून वाकली आणि पान उलटलं.

माएस्त्रोंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांनी श्वास घेतला आणि पुढची ओळ वाजवली.